जुनाच भाव

“तेल?” भावसाहेबांनी विचारलं.

“जुनाच भाव,” किराणा दुकानदार म्हणाला. “साखर जुनाच, तांदूळ जुनाच. साबण विचारणार असाल तर तोही जुनाच.”

“एकेक सांगा हो. मला एकेक लिहावं लागतं.”

दुकानदारानं ओलं फडकं घेऊन मागची पाटी पुसली आणि एकेक आकडा सांगितला. भावसाहेबांनी तो बारीक अक्षरात तक्त्यात उतरवला. सरकारी कचेरीत भाव नोंदवण्याचं काम करता करता त्यांची तीस वर्षं गेली होती. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली पाच दुकानं आणि ठरलेल्या चाळीस वस्तू. ज्या दुकानात भाव लिहायचा तिथे स्वतः काडीपेटीही विकत घ्यायची नाही, हा कचेरीचा नियम. भावसाहेबांनी तो इतका मनावर घेतला होता की घरची सगळी खरेदी बायकोच करायची.

शेवटच्या दुकानात औषधवाल्यानं गोळ्यांची पट्टी काढली, तिच्यावर अंगठा ठेवूनच भाव सांगितला आणि पट्टी परत खणात टाकली.

“तब्येत काय म्हणते?”

“उत्तम. रोज एक गोळी. अख्खी!” भावसाहेब हसले.

त्या ‘अख्खी’ला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तक्त्यातले आकडे महिन्यागणिक चढायला लागले, तेव्हा या गृहस्थांनी कुणाला न सांगता काटकसर सुरू केली. आधी दुपारचा चहा बंद झाला, मग हृदयाची गोळी अर्धी मोडून घेणं सुरू झालं. शेवटी एक दिवस जिन्यात कोसळले. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, “पुन्हा गोळी मोडली तर माझ्याकडे आणू नका. उपयोग नाही.” नशीब असं, की ते घरी आले आणि पुढच्याच महिन्यापासून भाव जागच्या जागी थांबले. तेव्हापासून घरखर्चाचा आकडा तोच होता आणि गोळी अख्खी होती.

शेजारच्या निवृत्त मास्तरांना मात्र हे पटत नव्हतं.

“भाव थांबलेत?” ते जिन्यात अडवून विचारायचे. “कुठल्या ग्रहावरचे हो? आमच्या पिशवीत डोकावून बघा एकदा. पूर्वीच्या पैशात अर्धीच भरते.”

“मास्तर, पिशवीला काय कळतंय? तुमचा खर्च वाढला असेल. भाव कागदावर कळतात.”

“मग कागदच शिजवून खातो आज,” मास्तर तणतणत वर जायचे.

भावसाहेबांना वाईट वाटायचं. माणूस म्हातारा झाला की त्याला सगळंच महाग वाटायला लागतं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आपली बायको बघा, कधी कुरकुर नाही. दर चार तारखेला संध्याकाळी पिशवी घेऊन निघते, पाचही दुकानं फिरून येते आणि ठरलेल्या पैशात महिना काढते.

“तुझं शिलाई मशीन अजून दुरुस्तच होतंय का गं?” एकदा जेवताना त्यांनी विचारलं. खिडकीजवळचा कोपरा आठ महिने रिकामा होता. “शेजारणींचे कपडे शिवण्यात तुझा वेळ बरा जायचा.”

“होईल की. भत्ता वाढला की सोडवून आणू.”

“सोडवून?”

“म्हणजे, दुरुस्तीचे पैसे देऊन,” ती म्हणाली आणि त्यांना आणखी भात वाढला.

महागाई भत्त्याकडे सगळ्या गावाचे डोळे लागले होते. भावसाहेबांचे तर जास्तच. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. या खेपेला जो भत्ता मिळेल तो धरून त्यांची पेन्शन ठरणार होती, आणि एकदा ठरली की मरेपर्यंत भत्ता वाढेल तेवढीच ती वाढणार. बायकोनं मनातल्या मनात हिशेब केला होता. थोडा जरी वाढला तरी मशीन येईल, आणि मशीन आलं की पुढचं निभेल.

तीन तारखेला दुपारी पत्र आलं. भावसाहेबांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. वाढ शून्य.

वरच्या मजल्यावर मास्तरांचं दार धाडकन आपटलं. त्यांनाही तेच पत्र आलं असणार.

“शून्य?” बायको खाली बसली. “अहो, असं कसं? कोण ठरवतं हे?”

“ठरवतो कोण? हिशेब असतो. आपल्या गावात भाव वाढलेच नाहीत, तर भत्ता कशाचा देणार?”

“पण त्यांना कसं कळतं, वाढले की नाही ते?”

भावसाहेबांना हसू आलं. तीस वर्षं ही बाई त्यांच्या तक्त्यांना ‘उंदरांचा खाऊ’ म्हणत आली होती. ते कुठे जातात हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि कचेरीतलं घरी बोलायची त्यांना सवय नव्हती.

“अगं, माझ्याच तक्त्यावरून. अख्ख्या गावाचा भत्ता त्यावर ठरतो. माझा, मास्तरांचा, सगळ्यांचा.” मग जरा गंभीर होऊन म्हणाले, “वाईट मलाही वाटतं. पण आहे तेच लिहिलंय मी. एक पैसा इकडचा तिकडे केला नाही.”

ती उठली, आतून पिशवी घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

“आत्ता कुठे निघालीस?”

“मीठ संपलंय.”

किराणा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या पाटीवर खडूनं भाव लिहिले होते. तेलाचा आकडा सगळ्यांत वर होता. तिला पाहून दुकानदार गल्ल्यामागून उठला.

“ताई, आज तीनच तारीख. आजच आलात?” त्यानं बाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “काळजी करू नका. बाकीच्या चौघांनाही मी आठवण दिलीय. परवा साहेब आले की नेहमीसारखे दोन वर्षांपूर्वीचेच भाव सांगतो. त्यांनी पुन्हा गोळी मोडायला नको.”