दोन बेटांमधलं विमान

लातूरच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर गणित घातलं. विमान एका बेटावरून निघालं, दुसऱ्या बेटावर उतरायचंय. अंतर, वेग, समोरचा वारा, टाकीतलं इंधन, सगळं दिलेलं. पोचायला किती वेळ लागेल?

"गोष्ट वाचत बसू नका, आकडे उचला," हे सरांचं रोजचंच.

सगळ्या बॅचनं अडीच तास सांगितलं. बिलोलीची धम्मप्रिया तेवढी उभी राहिली.

"सर, इंधन दोनच तासांचं हाय. विमान पोचतच न्हाई."

"इंधन विचारलंय का? वेळ विचारलाय. बस खाली."

बॅच हसली.

रविवारी होस्टेलच्या फोनवर गावाकडून वडिलांचा, केरबाचा फोन आला. तब्येत कशी हाय म्हणाला, तशी ती बोलून गेली.

"बाबा, लई थकले मी. रातभर झोप येत न्हाई. वाचलेलं काहीच डोक्यात शिरून न्हाई राहिलं."

केरबानं जपून, हळू आवाजात विचारलं, "परीक्षेला आता किती दिस राहिले, माय?"

या वेळी धम्मप्रियानं जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं.