पाय लागला

विश्वचषक कबड्डीचा अंतिम सामना बरोबरीत होता. शेवटच्या चढाईत हर्षाली भोईरचा पाय इराणच्या कप्तानाला लागला आणि ती धावत परतली. भारत जिंकला म्हणून ढोल वाजले, तेवढ्यात खेळाडूंची मनं वाचणारं पंचयंत्र बोललं, "गुण रद्द. हिच्या मनात माफी सापडली. माफी आहे, म्हणजे गुन्हा आहे."

"काय गं केलंस?" प्रशिक्षक दळवीबाई ओरडल्या.

"काही नाही हो बाई! पाय लागला म्हणून मनात नमस्कार केला."

यंत्राने विचारलं, "पाय लावायलाच गेली होतीस ना?"

"हो."

"मग माफी कशाची?"

"पाय लागला त्याची."

यंत्र बराच वेळ गरगरलं. मग म्हणालं, "चढाई पुन्हा घ्या."

दळवीबाई तिच्या कानाशी लागल्या, "या वेळी नमस्कार नको. मनातल्या मनात कचकचीत शिवी दे!"

हर्षालीने पाय लावला, शिवी दिली आणि परतली.

"हेतू आणि कृती जुळतात," यंत्र प्रसन्नपणे म्हणालं. "गुण मान्य."

चषक हातात आला, तसा हर्षालीचा चेहरा पडला. "बाई, बिचारीला उगाच शिवी दिली हो..."

दळवीबाईंनी घाबरून यंत्राकडे पाहिलं. "आत्ता नको गं! आधी ते बंद होऊ दे."