अर्ध्या पायाचा चार

"हा नंबर आमचा नाही. बाजूला हो," टेबलामागचे साहेब मान वर न करताच म्हणाले.

गिरधरने छातीवरचं कापड दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. दोनशे चव्वेचाळीस. "बघा ना साहेब. दोंडाईचाचा गिरधर. नानांनी फॉर्म भरलाय."

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. त्यात गिरधर नव्हता. दोनशे चव्वेचाळीस होता, पण तो भुसावळचा कुणी बँकेतला गडी निघाला. पांढरे बूट घालून तो पलीकडे उड्या मारत होता, आणि त्याच्या छातीवरचा नंबर लाल, छापील होता.

झालं! दौड सुटायला दहा मिनिटं उरलेली. पंचवीस वर्षांपर्यंतच्यांनाच प्रवेश, आणि पुढच्या महिन्यात गिरधरला सव्विसावं लागणार. पहिल्या पाच जणांना शिबिरासाठी पुण्याला नेणार होते. त्या पाचांत यायचं म्हणून गडी दोन वर्षं दिवसभर जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या गाठी ढकलायचा आणि रोज पहाटे रुळाच्या कडेने नरडाण्याच्या दिशेला पळायचा. मागे सायकलवर शिट्टी वाजवत तोताराम नाना, प्रेसचे मुकादम. फॉर्मची मुदत हुकली तेव्हा गिरधर रडकुंडीला आला होता. दौडीच्या कमिटीला सांगून फॉर्म भरून घेतो, असं म्हणत नानांनी पाठीवर थाप मारली. "तू पळ. मी शे ना!" आज ते मागच्या एस.टी.ने येणार होते.

टेबलापाशी आणखी चौघे ताटकळत उभे होते. कुणी धुळ्याचा, कुणी नरडाण्याचा. चौघांनाही बाजूला काढलेलं. गिरधरने जवळ जाऊन त्यांची कापडं पाहिली. सगळे काळे नंबर, आणि प्रत्येक चाराचा पाय खाली अर्धाच. प्रेसमध्ये गाठींवर नंबर मारायच्या पत्र्याच्या साच्यातला चार तसाच तुटका होता. साच्यांच्या पेटीची किल्ली नानांच्या कमरेला असायची.

नाना! देवाशपथ, दुसरं कुणीही चाललं असतं.

"कुणी दिले हे तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"एक शिट्टीवाला म्हातारा," नरडाण्याचा म्हणाला. "पैसे लिना आणि म्हणे, दोंडाईचाना गिरधर बी आसाच नंबर छातीवर लाईसन पळनार शे. मंग आम्हना बी इस्वास बसी गया. गिरधरले कोन वळखत नही?"

तिकडे बंदूक वाजली. पाच-सहाशे पायांची धूळ उठली आणि वळणावरून निघून गेली. पाचही जण तिकडे बघत राहिले.

साहेबांनी वही ओढली. "पोलिसांत द्यावं लागेल. हे नंबर काढले कुणी, काही सांगता येईल?"

गिरधरने आपले हात पाहिले. आठवडा झाला तरी नखांतला काळा रंग निघाला नव्हता.

"मीच," तो म्हणाला. "नाना म्हणाले होते, कमिटीचं काम आपल्याकडे आलंय, नीट काढ. म्हणून एकेक नंबर दोनदा गिरवला, साहेब."