नात्याबाहेरचं कोणी नको

"अजून खोल ठोक," गॉर्डन म्हणाला. "वाऱ्याने पडता कामा नये."

डेनीने जीभ बाहेर काढून हातोडी उचलली. एक्केचाळीस वर्षांचा धिप्पाड माणूस, पण समज सात-आठ वर्षांच्या पोराची राहिलेली. हिरवळीवर पाटी उभी राहिली. 'ही गल्ली कुटुंबांची. सामूहिक घर नको.'

"मिस्टर गॉर्डन, यावर काय लिहिलंय?"

"गल्लीवर प्रेम करा."

"मी करतो," डेनी म्हणाला, आणि उरलेल्या पाट्या काखोटीला मारून पुढच्या घराकडे निघाला.

आत येऊन गॉर्डनने हा किस्सा कॉनीला रंगवून सांगितला. ती भांडी धूत होती. तिने नळ बंद केला.

"ते घर त्याच्यासाठीच होतंय. ठाऊक आहे ना तुला?"

"मग? कोकची बाटली दिलीय त्याला. फुकट नाही राबवलं."

काही माणसांची किळस यायला त्यांनी फार काही करावं लागत नाही. नुसतं हसलं तरी पुरतं.

बारा नंबरचं घर एका संस्थेने घेतलं होतं. डेनीसारखी पाच माणसं तिथे राहणार होती, सोबत त्यांचं बघणारी एक बाई. डेनीची आई रूथअ‍ॅन शेजारच्याच घरात राहायची. तिच्या यकृतात कर्करोग पसरला होता आणि डॉक्टरांनी आता गोड बोलणं सोडलं होतं. आपले डोळे मिटायच्या आत पोराला याच गल्लीत जागा मिळावी, एवढंच तिचं मागणं. नाहीतर त्याला ओहायो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्यातरी मोठ्या इमारतीत टाकणार होते. डेनीला तर या गल्लीपलीकडे जग माहीत नव्हतं. कचऱ्याची गाडी येऊन गेली की सगळ्यांचे रिकामे डबे तोच गॅरेजपर्यंत ओढून ठेवी. गॉर्डनचासुद्धा.

गॉर्डनला 'माझं घर, माझी हिरवळ' म्हणायची भारी हौस. आल्यापासून त्याने कुंपण रंगवलं, मांडणीवरचं अग्निशमन दलाचं जुनं हेल्मेट उचलून गॅरेजात टाकलं. पत्रपेटीवरचं जुनं नाव तेवढं बदलायचं राहून गेलं. कॉनीच्या बोटात झिजलेली अंगठी होती. त्याच्या बोटात नव्हती. हाताने कामं करणाऱ्याला अंगठी अडते, असं तो सांगे. महिन्याच्या महिन्याला दलाकडून कॉनीच्या नावाचं पाकीट येई, ते मात्र तो स्वतः पेटीतून काढून आणी.

बारा नंबरच्या घराबद्दल नगर परिषदेची सभा ठरली होती. तिच्या आदल्या रविवारी शेजारी त्याच्याकडे जमले. कॉनीनेच केलेल्या लिंबाच्या वड्या खात समोरची फिलिस म्हणाली, "आमचं त्या लोकांशी काही वाकडं नाही हो."

हे वाक्य कानावर आलं की नाक धरावं. पुढे घाणच असते.

"पण घरांच्या किमती पडतात," फिलिस म्हणाली. "आणि पोरीबाळी खेळतात इथे."

"डेनी तुझ्या पोरींना सायकल शिकवायचा," कॉनी म्हणाली.

"तो एकटा आहे गं. हे पाच असणार." फिलिसने आणखी एक वडी उचलली.

नगर परिषदेच्या सभेत ध्वजाला वंदन झालं, मग प्रत्येकाला माईकपुढे तीन मिनिटं. रूथअ‍ॅनला उभं राहायला डेनीचा आधार लागला.

"मी फार दिवस नाही," ती म्हणाली. "त्याला त्याची गल्ली राहू द्या. एवढंच."

ती थांबली, पण कोणी तिच्याकडे बघेना. मग गॉर्डन प्रुइट उठला.

"एका घरात एकच कुटुंब. रक्ताचं, लग्नाचं नाहीतर दत्तकाचं नातं. नात्याबाहेरचं कोणी नको."

"मिस्टर प्रुइट, सगळीकडे दोघातिघा परक्यांना मुभा असते," परिषदेचे वकील म्हणाले.

"एकही नको. एक भोक ठेवलं की उंदीर शिरलाच."

"न्यायालयात हे टिकायचं नाही."

"नाही टिकलं तर नाही. निकालाला दोन वर्षं लागतील ना? तोवर इथे थांबणार कोण?" बोलता बोलता त्याने रूथअ‍ॅनकडे पाहिलं.

वकिलांनी कागद आवरले. "आणि घरोघरी तपासायचं कोणी?"

"तक्रार येईल तिथे जा. कोणाच्या घरात काय चाललंय ते जवळच्यांना ठाऊक असतं."

नियम मंजूर झाला. टाळ्या पडल्या. सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून डेनीनेही वाजवल्या. कॉनी उठून बाहेर गेली आणि गाडीशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शिजवलेलं मांस घेऊन रूथअ‍ॅनकडे गेली.

"तू सांग ना त्याला," रूथअ‍ॅन म्हणाली. "तुझं तरी ऐकेल."

"माझं त्याने नऊ वर्षांत ऐकलं नाही."

"पाट्या काढू का आता?" डेनीने विचारलं.

"थांब थोडा," कॉनी म्हणाली. तिथून ती घरी न जाता गावात गेली.

आठवड्याने दारात परिषदेची निरीक्षक बाई उभी राहिली.

"नवीन नियमाखाली तक्रार आलीय, साहेब. या घरात नात्याबाहेरचा माणूस राहतो म्हणे."

गॉर्डन मोठ्याने हसला. "घर चुकलात बाई. तो नियम मीच करून घेतलाय."

"खरं असेल तर त्या माणसाला तीस दिवसांत घर सोडावं लागेल. नाहीतर नियम तरी बदलायला हवा."

"बदलतोय कशाला? मी बसलोय ना इथे."

कॉनी गॅरेजातून आली. हातात पुसून लख्ख केलेलं हेल्मेट होतं. ते तिने मांडणीवर जागच्या जागी ठेवलं आणि ती दाराशी आली.

"घर चुकलेलं नाही," ती म्हणाली. "तक्रार मी केली. हे घर अ‍ॅलने, माझ्या नवऱ्याने घेतलेलं. तो गेल्यापासून अग्निशमन दलाचं पेन्शन मला मिळतं, पुन्हा लग्न केलं की ते थांबतं. मिस्टर प्रुइटांशी माझं लग्न झालेलं नाही."