भरवशाचं सॉफ्टवेअर

दुर्बीण चालवायला भाचीने दाखवलेल्या तिसऱ्या सॉफ्टवेअरलाही चिंतामणरावांनी नाक मुरडलं. "हेही मध्येच अडकेल बघ."

"नाही अडकत, मामा. दुर्बीण वळवतं, फोकस लावतं, फोटोही काढतं. आता गच्चीत कुणी उभं राहायला नको," भाची म्हणाली आणि तिने लगेच जीभ चावली.

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून चिंतामणराव खाली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे. गच्चीत बायको, शरयू, उभी असायची. हे बसल्या जागेवरून जिन्याकडे तोंड करून ओरडायचे, "अजून थोडं. आता मागे." ती फोकसचा स्क्रू फिरवायची. तारा टोकदार झाला की हे खेकसायचे, "बास, हात काढ." हात काढताना दुर्बिणीला धक्का लागायचाच. पडद्यावरचा तारा क्षणभर थरथरायचा आणि मग स्थिर व्हायचा. त्या थरथरीवरून दोघांचं कितीदा तरी वाजलं होतं. गेल्या श्रावणात शरयू गेली. तेव्हापासून दुर्बीण झाकलेलीच होती.

दिवेलागणीला भाचीने वर जाऊन दुर्बिणीवरचं झाकण काढलं आणि खाली येऊन बटण दाबलं. वर मोटर बारीक घरघरली. पडद्यावर अभिजित ताऱ्याचा पसरट डाग आकसत आकसत टाचणीच्या टोकाएवढा झाला. इतका स्वच्छ तारा चिंतामणरावांनी आजवर पाहिला नव्हता. ते पुढे झुकले आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "बास, हात काढ."

मग कितीतरी वेळ ते पडद्याकडे बघत राहिले.

तारा जरासुद्धा हलला नाही.