मोगऱ्याचं पाणी

“आत्या, हात काढा आधी!”

सून पुनम ओरडली तेव्हा चतुराबाईंचा हात कूलरच्या पत्र्यावर होता. डोळ्यांवर दुपारची झापड होती. बोटांत मुंग्या येत होत्या, झोपेतून कुणी हलकेच उठवावं तशा.

बोलावून घेतलेल्या वायरमन नागसेननं चालू कूलरला मीटर लावलं आणि पटकन प्लग काढला. “मोटर करंट लिक करून राहिलीय. ती बदलतो मी. पण अर्थिंग जिती असती तर करंट मातीत उतरला असता, अंगावर आला नसता. आज मुंग्या आल्या, उद्या ओल्या पायानं लेकरू चिकटायचं. अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?”

पुनमनं नवऱ्याला फोन केला. “बाबांनाच ठाऊक होतं,” तो म्हणाला.

नागसेन भिंतीवरून उतरणाऱ्या तारेमागं अंगणात गेला. तार मोगऱ्याच्या बुडाशी मातीत शिरली होती. मोगऱ्याच्या काटक्या झाल्या होत्या. औंदा टँकर आठवड्यानं यायचा. फुलाबिलाला पाणी नको, असं पुनमनंच सांगितलं होतं. चतुराबाईंनी मुकाट्यानं बंद केलं होतं.

नागसेननं माती उकरली. मुळांच्या जाळ्यात लोखंडी पाइप लागला. भोवती कोळसा, कोरडा ठणठणीत.

“ज्यानं केलं त्यानं काम पक्कं केलंय. पण कोरड्या मातीत करंट उतरत नाही, उन्हाळाभर ह्या अर्थिंगला रोज पाणी लागतं. आधी कोण घालायचं, काकू?”

चतुराबाई पायरीवर टेकल्या. समोर ऊन हलत होतं. त्यात त्यांना लिंबाखालची बाज दिसली आणि बाजेवर शेषेराव, त्या शेवटच्या उन्हाळ्यातले. आवाज खोल गेलेला, तरी सांज झाली की विचारायचे, “मोगऱ्याला पाणी घातलंस का?”

“घालते की! स्वतःची गोळी घ्या आधी. बायकोपरीस झाडाचीच लई काळजी तुम्हाला.”

शेषेराव नुसते हसायचे.

“भाज्या धुतलेलं पाणी चालंल का, भाऊ?” पुनमनं विचारलं.

“चालंल की. ओल धरली म्हंजे झालं.”

पुनम बादली घेऊन आली. वाकणार, तोच चतुराबाईंनी तिच्या हातातली बादली घेतली. माती फसफसली, बुडबुडे आले, पाणी खाली खाली जात राहिलं. चतुराबाई लिंबाखालच्या रिकाम्या सावलीकडं वळल्या.

“घातलं बरं का,” त्या म्हणाल्या.