बॅट फेकायची नसते

लेलानीने बॉल कडक मारला. मग दोन्ही हातांनी बॅट हळूच गवतावर टेकवली, तिला स्पर्श करून हात कपाळाला लावला आणि फर्स्ट बेसकडे जीव खाऊन धावत सुटली. बॉल तिच्या आधीच तिथे पोचला होता.

"आऊट!" अंपायर म्हणाला.

"फेक ती, लेलानी! फेक नि पळ!" दमयंती बाकावरून ओरडली. नेहमीसारखीच उशिरा.

न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावातल्या एका कॉलेजच्या, म्हणजे आपल्याकडच्या हायस्कूलच्या, मुलींच्या बेसबॉल टीमची ती कोच. सीझनची शेवटची मॅच, शेवटची इनिंग. पाटीवर समोरच्यांचे चौदा आणि यांचं शून्य. शून्याची पाटी तर सबंध सीझनमध्ये बदलावी लागली नव्हती.

मागे कॉलेजच्या सगळ्या खेळांचा कारभार बघणाऱ्या मिसेस हेनारे थर्मासमधला चहा पीत उभ्या होत्या. त्यांनी काल फार मायेने सांगितलं होतं, "एक रन, डिअर. एक तरी. नाहीतर पुढच्या वर्षी टीम दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल मला."

"भोग आता," तिचा नवरा मकरंद म्हणाला. त्याच्या कडेवर त्यांची छोटी ओवी होती आणि ओवीच्या हातात तिचाच बूट. "ऑक्टोबरात बॅटींना हळदकुंकू कोणी लावलं होतं?"

"खंडेनवमी होती, मकरंद."

"झेंडूही वाहिलास."

"अरे, पण मी एवढंच म्हटलं की ज्याच्या जिवावर खेळतो त्याला पाय लावू नये, भिरकावू नये. जळगावला आम्ही दरवर्षी पूजा करायचो आणि दुसऱ्या दिवशी बॅट भिरकावून पळायचो. कोणी मनावर घेतलं होतं का कधी? मला काय माहीत या ऐकतील म्हणून!"

"इथली पोरं ऐकतात. ओवीसमोर जरा जपून बोलत जा."

आता मेरेआनाची पाळी होती. मेरेआना कॅप्टन. एका मुलीला पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणारीच्या, चुकांमुळे फुकटात बेस मिळाला होता आणि ती सरकत सरकत थर्ड बेसपर्यंत पोचली होती. तिथून होमवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परत आली की एक रन. म्हणजे एक बरा फटका आणि त्यापाठोपाठ न रेंगाळता पळणं, एवढ्यावर सगळं होतं.

दमयंतीने तिला बाजूला घेतलं. "ऐक. बॉल लागला की बॅट फेकून दे. माझी परवानगी आहे."

"तुमची आहे, कोच." मेरेआनाने हातातल्या बॅटकडे पाहिलं. "हिची?"

दमयंतीनेही बॅटकडे पाहिलं.

"मी माझ्या नॅनला सांगितलंय तुम्ही शिकवलेलं," मेरेआना म्हणाली. "ती म्हणाली, चला, कोणीतरी तुम्हाला वळण लावतंय. ती बघा, तिथेच बसलीय."

मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन मेरेआनाची आजी बसली होती. तिने दमयंतीकडे बघून भुवया उंचावल्या. इकडे तो होकार असतो.

ही नुसती लाकडाची वस्तू आहे गं, असं दमयंती म्हणणार होती. शब्द ओठांवर आले. मग तिने त्या पोरीच्या, बॅट जपून धरलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि शब्द गिळले. जाऊ दे ती टीम, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि डोळे उगीचच भरून आले. वारा होता, ते बरं झालं.

तेवढ्यात ओवीने बूट उगारला.

"अं हं, राणी," दमयंती सवयीने म्हणाली. "फेकायचं नाही. हातात द्यायचं. दे."

ओवीने विचार केला. मग दोन्ही हातांनी बूट आईच्या तळव्यावर ठेवला.

मेरेआना बघत होती.

"स्वीट ॲज, कोच," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या भाषेत झकास, आणि मैदानात गेली.

पहिलाच बॉल तिने जमिनीलगत मारला, थेट शॉर्टस्टॉपला उभ्या फील्डरकडे. मग ती मागे वळली. मागे समोरच्या टीमची, हिरव्या जर्सीतली कॅचर उकिडवी बसली होती. मेरेआनाने किंचित वाकून, दोन्ही हातांनी बॅट तिच्यापुढे धरली.

आणि कॅचरने ती घेतली. इतक्या अदबीने कोणी काही दिलं तर माणूस दुसरं काय करणार? तिनेही दोन्ही हातांनीच घेतली.

मेरेआना पळाली. थर्डवरची मुलगी होमकडे सुटली. शॉर्टस्टॉपने बॉल होमकडे फेकला. अगदी सुरेख आणि सरळ. तो बॅट धरून उभ्या असलेल्या कॅचरच्या कानाजवळून गेला आणि कुंपणाला आपटला.

थर्डवरची मुलगी घसरत होमवर आली.

समोरचा कोच टोपी आपटत मैदानात धावला. अंपायरने बराच वेळ हनुवटी खाजवली. मग कॅचरला विचारलं, "तिने तुझ्यावर जबरदस्ती केली का?"

"नाही," तोंडावरच्या जाळीआडून आवाज आला. "खूप छान वागली ती."

"मग सेफ. रन."

त्या मॅच हरल्या. चौदा-एक. लेलानी पाटीजवळ उभी राहून त्या एकाचा फोटो काढत होती.

मिसेस हेनारेंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "ते ऑक्टोबरमध्ये असतं ना, फुलांचं?" त्या दमयंतीला म्हणाल्या. "पुढच्या वेळी हॉकीच्या स्टिक्सही आणल्या तर चालतील का तुम्हाला?"

दमयंती हो म्हणणार, तेवढ्यात मकरंदने तिला कोपराने डिवचून मैदानाकडे खूण केली. होमजवळ अजून ती कॅचर एकटीच उभी होती, बॅट दोन्ही हातांत धरून. तिने इकडेतिकडे पाहिलं. द्यायला कोणीच नव्हतं. मग ती खाली वाकली, बॅट हळूच गवतावर ठेवली, आणि कोणी बघत नाही याची खात्री करून हात कपाळाला लावला.